पातळ पत्र्याचा भोंगा

ट्रंपेट दादासाठी बनत होता आणि तो फुंकून बघायला मी जात होते. असल्फ्याला बस पकडायची, मरोळ नाक्यावर उतरायचं आणि गावठाणात चालत जायचं. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या आणि वह्यांच्या मधे फडक्यात गुंडाळलेला दादाचा माउथपीस. बसमध्ये तो हाताला लागला की मला उगाच वाटायचं, आपण काहीतरी उचलून नेतोय.

घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरउतारावर आमची खोली होती. गिरणी संपानंतर वडील गावी गेले ते तिकडेच राहिले, काजूची झाडं बघत. इथे आई, दादा आणि मी. दादा कांजूरमार्गला एका कारखान्यात फिटर होता आणि लग्नसराईत एका बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. आमच्या भागात त्याला फिटर म्हणून कोणीच ओळखत नव्हतं. "तो ट्रंपेटवाला" म्हणूनच विचारायचे. वरात निघाली की फटाके, नाचणारी पोरं, मागून हॉर्न वाजवणारे टेम्पो, या सगळ्याच्या वर दादाचा सूर असायचा. छाती भरून हवा घ्यायची आणि गाण्याची अख्खी ओळ एका दमात बाहेर काढायची, हे त्याचं वाजवणं. ओळ संपली की त्याच्या मानेच्या शिरा दिसायच्या आणि तो हसायचा. वाजवून झाल्यावर हसणारा ट्रंपेटवाला मी दुसरा पाहिला नाही.

मला वाजवायला त्यानेच शिकवलं. शाळेत मुलींच्या बँडमध्ये मी बिगुल वाजवायचे, पण बिगुलावर पाच-सहाच सूर निघतात. एकदा दादा कामावर गेला असताना मी त्याचा ट्रंपेट काढून फुंकला आणि शेजारच्या काकूंनी त्याला सांगितलं. मला वाटलं आता धपाटा बसणार. तो म्हणाला, "चावी दाबताना बोट वाकडं नको ठेवू, जाम होते." बस, तिथून सुरू झालं. खोल्यांच्या वर डोंगरात एक बंद पडलेली दगडखाण होती. रविवारी सकाळी तो मला तिथे न्यायचा. माझा दम लहान. मी ओळ मधेच तोडायचे, पण तोडलेल्या जागी सूर हळू सोडायचे, आणि मला तेच आवडायचं. जोरकस गाण्यांपेक्षा मला संथ, उदास गाणी यायची. दादा म्हणायचा, "तू ट्रंपेटवर पण कुजबुजतेस गं! वरातीत कोणाला ऐकू जाणार?"

"मी कशाला वरातीत वाजवतेय?" मी म्हणायचे.

ते खरंच होतं. मुलींनी वरातीत वाजवायची तेव्हा गोष्टच नव्हती. त्यामुळे माझं वाजवणं कुठे जाणार हा प्रश्न कोणाला पडला नाही, मलाही नाही.

दादाचा ट्रंपेट जुना होता, डागडुजी करून करून त्याच्या नळ्यांना ठिगळं लागलेली. बँडमधल्या कोणीतरी मरोळच्या अंकलचं नाव सुचवलं. अंकल म्हणजे गावठाणातले एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ, अंगाने आडवे, कायम बनियन आणि हाफ पँटमध्ये. ओटीवर त्यांचा कारखाना. भिंतीला भोंगे टांगलेले, खाली वाकवलेल्या नळ्यांचा ढीग, आणि कोपऱ्यात एक भलामोठा लोखंडी साचा, ज्याच्यावर ते पितळी पत्रा ठोकून ठोकून भोंग्याचा आकार द्यायचे. चाव्यांचे पिस्टन मात्र मोडक्या विलायती ट्रंपेटचे काढून लावायचे. स्वतःबद्दल त्यांना भारी अभिमान. "दुरुस्त करणारे गल्लोगल्ली मिळतील," ते म्हणाले, "पण पत्र्यापासून ट्रंपेट बनवणारा मुंबईत मी एकटा. दुसरा असला तर मला आणून दाखव."

पहिल्यांदा दादा मला सोबत घेऊन गेला. कसा ट्रंपेट हवा ते तो सांगायला लागला तर अंकलनी त्याला गप्प केलं. "तू बोलू नको. वाजव."

दादाने अंगणात उभं राहून वरातीचं एक गाणं वाजवलं. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. अंकल भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

"तू फुंकत नाहीस, ढकलतोस," ते म्हणाले. "तुला पुढची नळी रुंद पाहिजे. अरुंद दिली तर हवा अडेल आणि तू तिच्याशी मारामारी करत बसशील. भोंगा जाड पत्र्याचा. पातळ भोंगा तुझ्या दमाला फाटका वाजेल."

"ही माझी बहीणपण वाजवते," दादा म्हणाला. त्याला ते कुठेही सांगायचं असायचं.

अंकलनी मलाही वाजवायला लावलं. मी खाली बघून थोडंसं वाजवलं. अंकल ट्रंपेट माझ्या हातून घेऊन पुसत राहिले. जाताना त्यांनी सांगितलं की ते दोन भोंगे ठोकतील, एक जाड, एक जरा पातळ, आणि नळ्याही दोन-तीन करतील. हाताने ठोकलेली वस्तू जोडून वाजवल्याशिवाय कळत नाही. मग दादाने येऊन ऐकायचं आणि काय लावायचं ते ठरवायचं.

ते ऐकायला दादा गेलाच नाही.

मंडळाच्या मैदानात संध्याकाळी कबड्डी चालायची. दादा बचावात खेळायचा. एकाला पकडायला तो खाली झेपावला आणि त्या मुलाची टाच दादाच्या तोंडावर बसली. वरचे पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला. मला घरून बोलावून नेलं तेव्हा तो इस्पितळाच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या शर्टाची पुढची बाजू लाल झाली होती. ओठाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, मग खोटे दात बसवू, पण तोवर काही महिने तोंडाला ताण द्यायचा नाही, आणि फुंकायचं तर अजिबात नाही.

आई रडत होती. मी तिचा हात धरून उभी होते. आणि त्या वेळी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की म्हणजे इतके दिवस ट्रंपेट माझ्याकडेच राहणार. लगेच मी तो विचार झटकला. दादाकडे बघितलं, त्याच्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं, आणि मलाही रडू आलं. आई मला समजवायला लागली. तिला वाटलं मी दादासाठी रडतेय. बऱ्याच अंशी ते खरं होतं.

दादा बदलला. बोलताना तोंडावर रुमाल धरायचा. हसणं बंदच. कारखान्यात जायचा, परत यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. अशात अंकलचा निरोप आला. भोंगे तयार आहेत, येऊन बघा, ईस्टर झाला की मी वसईला मुलीकडे राहायला जातोय, ओटीवरचं सगळं आवरणार. दादा म्हणाला, "तू जा."

"मी? ट्रंपेट तुझा."

"असं तोंड घेऊन मी जाणार नाय त्यांच्यासमोर. तुला माहितीये ना मी कसा वाजवतो? माझ्यासारखी फुंक. मला शोभेल तो घे."

मी गेले. अंकलना दादाचं सांगितलं तेव्हा त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग उठून त्यांनी जाड भोंगा आणि रुंद नळी, तारेने आणि मेणाने तात्पुरती जोडून, माझ्या हातात दिली. मी दादासारखी पाय फाकून उभी राहिले, पोट भरून हवा घेतली आणि वरातीचं गाणं वाजवलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. सूर निघाला, मोठा निघाला, पण माझ्या कानाला तो कोणा परक्याच्या घरातून आल्यासारखा वाटला.

"हे तुझं नाही," अंकल म्हणाले.

"दादासारखं वाजवलं."

"ते कळलं मला. आता हा बघ." त्यांनी मेण गरम करून भोंगा सोडवला आणि पातळ लावला. नळीही बदलली, अरुंद घातली. "हा तुझ्यासारखा वाजव. म्हणजे फरक कळेल मला."

मी नको म्हणू शकले असते. खरं तर म्हणायलाच हवं होतं, कारण तो भोंगा दादासाठी नव्हताच. मी माउथपीस ओठाला लावला आणि माझं संथ गाणं सुरू केलं. मी फुंकायच्या आधीच सूर उभा होता, असं काहीसं वाटलं. जिथे माझा दम संपायचा आणि ओळ तुटायची, तिथे तुटलेल्या जागेनंतरही भोंगा क्षणभर गात राहिला. मी एक कडवं वाजवलं, दुसरं वाजवलं. अंकल भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी थांबले तरी ते वळले नाहीत.

मग म्हणाले, "वाजवणार कोण आहे हा?"

"दादा."

"मग जाड लावतो."

बाहेर कोणीतरी कोंबड्यांना दाणे टाकत होतं, त्याचा आवाज येत होता. अंकलनी जाड भोंगा हातात घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादाने सांगितलंय, तुझ्या कानाला पटेल तो घे."

"त्याने सांगितलं?"

"हो."

अंकलनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही. त्यांनाही तो पातळ भोंगा जास्त साधला होता आणि तोच पक्का जोडायला मिळाला म्हणून ते खूश असतील, किंवा त्यांना माझं खोटं कळलं असेल. ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या आठवड्यात झाळून ठेवतो."

परतीच्या बसमध्ये मी मनात हिशेब मांडत होते. दादाचे दात नवीन असणार, पहिल्यासारखा जोर कुठे लावणार तो? त्याला हलका ट्रंपेटच सोपा जाईल. असं स्वतःला पटवत साकीनाका गेला, असल्फा आला, आणि मी उतरले तेव्हा मला ते जवळजवळ पटलं होतं.

तयार ट्रंपेट घरी आणला तेव्हा दादाने पहिल्यांदा तोंडावरचा रुमाल काढला. त्याने ट्रंपेट उलटासुलटा करून बघितला, भोंग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "पातळ आहे गं," तो म्हणाला.

"अंकल म्हणाले, असाच चांगला." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा ते सोपं गेलं.

खोटे दात बसले, ओठ भरला, आणि एका रविवारी दादा एकटाच खाणीत गेला. मी मागून गेले, पण वर गेले नाही, वाटेवरच्या दगडावर बसून ऐकत राहिले. तो हवा भरून घ्यायचा आणि ढकलायचा, आणि सूर मधेच फाटायचा. पुन्हा, पुन्हा. अंकल म्हणाले होते तसाच फाटायचा. मग नुसतीच हवा सुटल्याचा आवाज. मग काही नाही. मी धावत घरी आले आणि तांदूळ निवडत बसले.

हे पावसाळ्यापर्यंत चाललं. लग्नसराई गेली, बँडवाल्यांनी दुसरा माणूस घेतला, दादाचा जुना ट्रंपेटही त्याच्याकडे गेला. दादा म्हणायचा, "दातांचं काय खरं नाय. माउथपीस टेकवला की हलतात." आई म्हणायची, "बरां होतला रे झिला, जरा दम धर." मी कळशी उचलून नळावर जायचे.

एके दिवशी त्याने ट्रंपेट माझ्यासमोर धरला. "तू वाजव बघू. मला ऐकायचंय कसा आहे."

मी हळूच, मुद्दाम वाईट वाजवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो ट्रंपेट मला वाईट वाजवूच देत नव्हता. गाणं संपलं तेव्हा आई स्वयंपाक सोडून दारात उभी होती, आणि दादाच्या चेहऱ्यावर, कित्येक महिन्यांनी, ते वाजवून झाल्यावरचं हसू होतं. खोट्या दातांसकट.

"बघ!" तो आईला म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, अंकलच्या हाताला तोड नाय? ट्रंपेट झकास आहे. खोट माझ्यातच आहे."

त्यानंतर मला जेवण जाईना. तो कामावरून आला की मी कामं काढून बाहेर जायचे. त्याने नवीन दात दाखवायला डॉक्टरकडे चकरा सुरू केल्या, एकदा कानशीने स्वतःच दात घासून बघितला. त्या कानशीचा आवाज मी मोरीत भांडी घासताना ऐकला आणि माझ्याच्याने राहवेना. हातातलं भांडं खाली ठेवून मी बाहेर आले.

"दादा, खोट दातांची नाही. ट्रंपेटची आहे."

"म्हणजे?"

"तो तुझ्यासाठी नाहीये. अंकल जाड भोंगा लावत होते. रुंद नळी पण होती. मीच हा घेतला. मी खोटं सांगितलं त्यांना."

तो कानस हातात धरून बसला होता. "का?"

"मला आवडला."

मी यापेक्षा काहीतरी बरं सांगायला हवं होतं. पण खरं एवढंच होतं. दादाने कानस खोक्यात ठेवली, खोकं फळीवर ठेवलं, चपला घातल्या आणि तो निघून गेला. माझ्याशी बोलायचं त्याने बंद केलं. भांडला असता तर बरं झालं असतं. "तिला सांग चहा टाक," असं तो आईला म्हणायचा, मी समोर असताना. आईला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्येचा त्येका दी गो बाय."

त्याचं त्याला द्यायचं. पण ट्रंपेट त्याच्याचकडे तर होता. द्यायचं काय? मला एकच दिसत होतं. तो दादाचा व्हायला हवा होता. मी ट्रंपेट पिशवीत घातला आणि कोणाला न सांगता मरोळला गेले. ईस्टर केव्हाच होऊन गेला होता, पण अंकल अजून निघाले नव्हते, पाऊस संपायची वाट बघत होते. ओटी मात्र रिकामी झाली होती. भिंतीवरचे भोंगे गेले होते, साचा गोणपाटात बांधून ठेवलेला.

मी म्हटलं, "अंकल, जाड भोंगा लावून द्या. रुंद नळी लावून द्या."

"जाड भोंगा कुठे आहे आता? वांद्र्याच्या एकाने नेला." त्यांनी ट्रंपेट हातात घेतला. "याला काय झालं? चांगला आहे की."

"दादाला वाजत नाही."

"कसा वाजेल? तो तुझा आहे."

"माझा नाहीये!" मी इतक्या जोरात ओरडले की आतून त्यांची बायको बाहेर आली. मग मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. अंकलना राग आला. माझ्या खोट्याचा नव्हे, ट्रंपेटचा. एकदा बसलेलं काम उघडायचं म्हणजे काय, तापवून झाळ काढली की पितळेचा कस जातो, पातळ भोंग्याला रुंद नळी म्हणजे ना धड इकडे ना तिकडे, असं ते तणतणत राहिले. "उघडला तर आधीचा राहणार नाही, सांगून ठेवतो."

"नाही राहिला तर नाही राहिला. भोंगा नाही तर निदान नळी बदला."

त्यांनी बदलली. बांधलेली हत्यारं पुन्हा सोडली, जी एक रुंद नळी उरली होती ती काढली, आणि ती झाळली. ट्रंपेट हातात देताना म्हणाले, "आता खूश?"

मी वाटेतल्या पुलाखाली थांबून एक सूर फुंकून पाहिला. माझी हवा नळीतच हरवली. भोंग्यातून खरखर आली. मला एक विचित्र समाधान वाटलं, पडून गुडघा फुटल्यावर वाटतं तसं. आता तरी तो माझा नव्हता.

घरी दादा खाटेवर बसला होता. मी ट्रंपेट त्याच्यापुढे ठेवला. "रुंद नळी घातली. आता वाजव."

त्याने नळीवरचा झाळीचा काळा डाग बघितला. मग ट्रंपेट उचलून ओठाला लावला, ढकलला. सूर फाटला, जरा कमी फाटला असेल, पण फाटला. त्याने परत वाजवला नाही.

"तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?" कित्येक दिवसांनी तो माझ्याशी बोलत होता, आणि त्याचा आवाज चढलेला होता. "चांगल्या ट्रंपेटची वाट लावलीस!"

"तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी काय? अगं, मी जुन्यावर करून बघितलं होतं! बँडवाल्यांकडे जाऊन. माझ्याच जुन्या ट्रंपेटवर. तिथेपण तेच. दातच आहेत ते. ट्रंपेट कुठलाही असो, मला आता नाय वाजत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?" तो म्हणाला. "मला राग होता तो तू खोटं बोललीस त्याचा. ट्रंपेटचा नव्हता."

आई मधे पडली नाही. ती सुपात काहीतरी निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही.

त्याने खरंच जुन्या ट्रंपेटवर वाजवून बघितलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. पुढे मी बँडमधल्या एकाला आडून विचारलं होतं. तो म्हणाला, आला असेल, आठवत नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, "सोड ना यार, किती जुनं उकरतेस." त्याला खोटं बोलता येत नाही असं मी समजायचे, पण माझ्याबद्दलही तो तेच समजत होता.

अंकल वसईला गेले. ट्रंपेट दुसऱ्या कोणाकडे नेला असता तर त्यांनी पिस्टन काढून घेऊन बाकी भंगारात टाका म्हटलं असतं. तो फळीवर पडून राहिला. गणपती झाले, दिवाळी झाली. मग एका रविवारी दादाने तो खाली काढला आणि मला म्हणाला, "चल वर."

खाणीत त्याने मला माझं गाणं वाजवायला लावलं. खरखर. "हवा वरून घेतेस," तो म्हणाला. "छातीतून. या नळीला ती पुरणार नाय. इथून घे." त्याने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "झोपताना पोटावर डिक्शनरी ठेवायची आणि ती वर उचलायची. डोंगर चढताना तोंड बंद. बसमध्ये चढायच्या आधी धावायचं."

"कशाला पण?"

"ट्रंपेट तर आता असाच राहणार ना? मग तुला बदलायला लागणार."

तो वर्षभर माझ्या मागे लागला होता. मी त्याच्याइतका दम कधीच कमावला नाही, पण रुंद नळी भरेल एवढा कमावला. आणि तेवढी हवा पातळ भोंग्यात गेली की तो ओरडायचा, म्हणून ओठाने ती शेवटच्या क्षणी आवरायला शिकले. मला हवा असलेला तो पहिला ट्रंपेट, जो मी न फुंकताच गायचा, तो परत आला नाही. त्याच्याऐवजी हा आला, जो माझ्याकडून प्रत्येक सूर कष्टाने काढून घेतो.

ऐंशीचं दशक संपता संपता मुलुंडच्या एका ऑर्केस्ट्रात ट्रंपेटवाला हवा होता. दादानेच जाऊन बोलणी केली. मुलगी आहे म्हटल्यावर ते हसले. दादा म्हणाला, आधी ऐका. गणेशोत्सवात बोरिवलीच्या एका मैदानात मी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले, साडीचा पदर खोचून. संथ गाणं होतं. संपल्यावर लोकांनी वन्स मोअर दिला. नंतर एक क्लॅरिनेटवाले गृहस्थ येऊन म्हणाले, "तुमचा दम पुरुषांसारखा आणि हात हलका, हे कुठे शिकलात?"

मी दादाकडे बोट दाखवलं. तो स्टेजच्या खाली साउंडवाल्याशी हुज्जत घालत होता, ट्रंपेटचा माइक कमी ठेवला म्हणून.

त्यानंतर मी बरीच वर्षं वाजवलं. माझे कार्यक्रम तोच ठरवायचा, तोच सोबत यायचा, आणि कुठेही गेलो तरी ओळख करून देताना "माझी बहीण" म्हणायचा तेव्हा त्याच्या आवाजात ते सगळं कौतुक असायचं जे मला नको होतं. एखादा सूर मनासारखा बसला की मला आनंद व्हायचा, आणि लगेच मी तो आनंद तोंडावरून पुसायचे, तो बघत असेल म्हणून. एकदा त्याने ते पकडलं. बोरिवलीहून परत येताना टॅक्सीत तो म्हणाला, "वाजवून झालं की अशी पडेल चेहऱ्याने का उभी राहतेस गं? लोकांना वाटतं चुकलीस."

"सवय आहे," मी म्हटलं.

"हसत जा जरा," तो म्हणाला आणि खिडकीची काच खाली करून वारा घेत बसला. पुढच्या कार्यक्रमात मी हसून बघितलं. जमलं, पण थोडंसंच.